बाबांना हात बघायचे होते

माझ्या साडूने कॅमेरा घेतला हे मला बायकोकडून कळलं. ती भाकऱ्या थापत होती आणि मी गॅरेजमधून येऊन हाताला साबण चोळत होतो. "बाबांनी म्हणे त्याचा व्हिडिओ तीनदा बघितला," ती म्हणाली. "टीव्हीला लावून. आणि वा म्हणाले."

वा! वीस वर्षांत त्या माणसाने मला कधी साधं 'बरं' म्हटलेलं नाही. मी हात चोळायचा थांबलो आणि विचारलं, "वा एकदा म्हणाले की तीनदा?" बायकोने तव्यावरची भाकरी उलटली. असल्या प्रश्नांना ती उत्तर देत नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं त्यांनी लाल डबा चालवला, डहाणूहून जव्हारचा घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. गाडीला कधी ओरखडा नाही. आता कासाला घरी असतात, गुडघे गेलेत, पण दारावरून गाडी गेली की आवाजावरून सांगतात, "हा क्लच जाळतोय." मी विशीत असताना कासा नाक्यावरून जीप भरून पाड्यांवर सोडायचो. एकदा त्यांनी मला गिअर टाकताना बघितलं आणि भर नाक्यावर खाली उतरवून शिव्या घातल्या. पुढच्या सुट्टीला स्वतःच येऊन शेजारी बसले. सहा महिने असे बसत होते. गाडी मी आधी शिकलो आणि त्यांची मुलगी नंतर बघितली. लोक उलटं सांगतात, ते साफ खोटं आहे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले होते. कोणी शेजारी बसून आपल्याला काही शिकवतं, ही गोष्टच मला माहीत नव्हती. त्यामुळे बाबांच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायची मला हाव होती. हाव हाच शब्द, दुसरा नको.

आणि साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. डहाणूहून बोर्डीकडे जाताना त्याची चिकूची वाडी आहे. मला 'दादा, दादा' करतो, येताना चिकूची पेटी आणतो, जाताना माझ्या बायकोच्या पाया पडतो. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं! मनातल्या मनात चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. पण तो चांगला आहे, आणि तेच माझ्या पोटात दुखायचं.

त्याला ट्रॅकवर नेलं तेसुद्धा मीच. अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत शिरलं की तासाभरात एक जागा लागते. तिथल्या एका शेठने आपल्या पडीक जमिनीत डांबराचा वळणावळणाचा ट्रॅक करून घेतलाय. महिन्यातून एका रविवारी आपली गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालायचं आणि पाच-पाच गाड्यांनी वीस मिनिटं मन भरेस्तोवर पळवायचं. शर्यत नसते. शेठ घड्याळ लावून प्रत्येकाच्या फेरीची वेळ सांगतो, बस्स. मी माझी जुनी हॅचबॅक स्वतः बांधली होती, स्प्रिंगपासून ब्रेकपर्यंत. साडू पहिल्यांदा नुसता बघायला आला, पुढच्या महिन्यात तशीच हॅचबॅक घेऊन आला. आयत्या बिळावर नागोबा! तरी माझी फेरी त्याच्यापेक्षा दोन-तीन सेकंदांनी नेहमी कमीच असायची. पण सेकंद कासाला दिसत नाहीत. कासाला व्हिडिओ दिसतो.

तो व्हिडिओ मीही बघितला. काचेला चिकटवलेला कॅमेरा, समोर धावणारा रस्ता, खाली गाणं लावलेलं. त्यात गाडी कुठे चुकते ते मला दिसत होतं, दुसऱ्या वळणाला तो ब्रेक दोनदा मारतो ते दिसत होतं. बायकोची बहीण म्हणाली, "बघा ना भाऊजी, केवढा वेग!" मी म्हणालो, "गाणं छान आहे."

मग मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो. आधी फोनच स्टँडवर लावून बघितला. फोनवाले सांगतात की सगळं फोनमध्ये होतं. होतं, पण उन्हात काचेजवळ दहा मिनिटं ठेवला की तो तापतो आणि स्वतःच बंद पडतो. त्यात खड्ड्यावरून गेलं की चित्र जेलीसारखं थरथरतं. मग ट्रकवाले काचेला लावतात तसला डॅशकॅम एका गिऱ्हाइकाकडून मागून आणला. तो न थकता चालतो, पण चित्रावर खाली तारीख, वेळ, गाडीचा नंबर. बाबांना काय, पंचनामा दाखवायचा होता? शेवटी वापीला जाऊन दुकानं पालथी घातली. दुकानदार मला सगळ्यात महागडा दाखवत म्हणाला, "साडूभाई पाशे पेलो छे? तो तमे आ लई जाओ, एनाथी उपर!" त्याच्याहून वरचा घ्या म्हणे. मी त्याला साडूबद्दल सगळं सांगून बसलो होतो, कशाला कोण जाणे. घेतला तो मात्र साडूकडे होता तोच घेतला, काडीपेटीहून जरा मोठा, पाण्यात पडला तरी चालणारा. वरचा घेतला असता तर सगळे म्हणाले असते, कॅमेऱ्याची करामत. बरोबर जलद मेमरी कार्ड घेतलं, कारण साधं कार्ड अर्ध्यात दम तोडतं. बॅटऱ्या दोन घेतल्या. एक तासभरही धड जात नाही.

लावायचा कसा, ही खरी कटकट. पहिल्यांदा मी त्याच्याबरोबर आलेली रबराची वाटी समोरच्या काचेला आतून दाबून बसवली. तलासरीच्या पुलावर पोचेपर्यंत कॅमेरा माझ्या मांडीवर. पुन्हा दाबली, पुन्हा पडली. मग लक्षात आलं. आमच्याकडे पावसात काचेला तंबाखू चोळतात. चिमूटभर तंबाखू ओली करायची, फडक्यात धरायची आणि काचेवर फिरवायची; बाहेरून फिरवली की पाणी थांबत नाही, आतून फिरवली की वाफ धरत नाही. हायवेवरचा प्रत्येक ड्रायव्हर हे करतो, मला तर बाबांनीच शिकवलं होतं. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते तरी तो तेलकट थर काचेवर होताच, आणि त्यावर रबर धरत नाही. स्पिरिटने दोनदा पुसल्यावर वाटी अशी चिकटली की काढायला स्क्रूड्रायव्हर लागला.

पण काचेवरून मला साडूसारखाच व्हिडिओ मिळणार होता. मला त्याच्यावर कडी करायची होती. गॅरेजमध्ये एक ट्रकचा क्लीनर यायचा, तो म्हणाला, "खाली लावा शेठ, जमिनीजवळ. साठची गाडी सव्वाशेची दिसते." मी पुढच्या बंपरखाली, गाडी ओढायचा हूक असतो तिथे, पट्टीने कॅमेरा आवळला. ट्रॅकवरचा नियम असा की बाहेर लावलेल्या कॅमेऱ्याला दुसरी तार पाहिजेच, सुटला तर मागच्या गाडीच्या काचेत जाऊ नये म्हणून. मी क्लचची जुनी तार दोन वेळा गुंडाळून बांधली. आणि काय व्हिडिओ आला! डांबर अंगावर येत होतं. वळणावर खडी उडाली की डोळे मिटावेसे वाटत. मी पेन ड्राइव्ह खिशात घालून त्याच दिवशी कासाला गेलो.

बाबा खाटेवर पाय लांब करून बसले होते. पूर्ण व्हिडिओ बघितला, मग चष्मा काढला.

"रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडी अशी दिसत असेल," ते म्हणाले. "तू कुठे आहेस ह्यात?"

"मी चालवतोय ना, बाबा."

"ते मला कसं कळणार? हात कुठायत? मला हात बघायचेत. गिअर कधी पाडतोस, स्टिअरिंग ओढतोस की सोडतोस. आणि सुरुवातीपासून दाखव. गाडीला फेरी मारतोस की नाही तेही बघायचंय मला. मधलेच तुकडे आणू नकोस."

फेरी म्हणजे त्यांचा नेम. गाडी काढायच्या आधी तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, चारी टायर पायाने ठोकून बघायचे, मग स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा आणि बसायचं. तीस वर्षांत त्यांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं.

मी चिडलो. "त्याच्या व्हिडिओत तरी हात कुठे होते? त्याला वा म्हणालात ना?"

"त्याला मी कुठे शिकवलंय?" बाबा म्हणाले आणि चष्मा परत लावला. "तुला शिकवलंय."

आज लिहिताना मला त्या वाक्याचा अर्थ कळतो. तेव्हा नाही कळला. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की कौतुक त्याला आणि परीक्षा मला. चारोटीपर्यंत गाडी चालवताना मी एकटाच बडबडत होतो.

पण ऐकलं मी त्यांचं. पुढचे पंधरा दिवस गॅरेजची कामं मागे ठेवून मी सीटच्या मागे कॅमेरा बसवायच्या नादाला लागलो. पुढच्या दोन सीटच्या डोक्याच्या उशा ज्या सळ्यांवर असतात, त्या सळ्यांना आडवी एक नळी जोडली. जोडायला सायलेन्सरच्या पट्ट्या, मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे थरथर वर चढत नाही. नळीवर कॅमेरा जरा डावीकडे, ड्रायव्हरच्या खांद्याच्या उंचीला. तिथून दोन्ही हात, गिअर, आरसा आणि समोरची काच सगळं येतं. पहिल्या चाचणीत चित्र स्थिर ठेवणारी सोय चालू होती, तर गाडीचा आतला भाग खिळल्यासारखा स्थिर आणि बाहेरचा रस्ता पाण्यावर तरंगल्यासारखा. ती सोय बंद केली. मग आत अंधार आणि बाहेर ऊन पांढरंफटक. कॅमेऱ्याचा उजेड हाताने खाली-वर करत अच्छाडपर्यंत चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे काचेबाहेरचा माणूसही ओळखू येईल असं चित्र आलं. बायको म्हणाली, "लग्नाच्या व्हिडिओला एवढी मेहनत घेतली असती तर माझा चेहरा तरी दिसला असता."

तो रविवार थंडीतला. साडू माझ्या आधीच पोचला होता. नवे हातमोजे, नवं हेल्मेट, काचेला तोच कॅमेरा. "दादा, जरा बघा ना, नीट बसलाय का?" तो म्हणाला. मी बघितलं. वाटी घट्ट होती. सुटला तर लोंबकळावा म्हणून आरशाला दोरी बांधली होती, पण ती हातभर लांब. पडला तर थेट स्टिअरिंगपर्यंत यायचा. शेठ गाड्या तपासत आला, त्याने फक्त "डोरी है?" एवढं विचारलं आणि पुढे गेला. दोरी आखूड कर, हे सांगायला मला दोन शब्द लागले असते. मी म्हणालो, "मस्त आहे."

सकाळच्या पाळीत माझी फेरी त्याच्यापेक्षा अर्ध्याच सेकंदाने कमी आली. अर्ध्या! दुपारी पत्र्याच्या शेडखाली आम्ही डबे उघडले. दोघांच्या गाड्या शेडमध्ये समोरासमोर, तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो बाबा... नाही बाबा, जेवतोय... हो हो, दादा पण आहेत." आणि हसला. काय हसला असेल एवढं? "दाखवतो ना बाबा. संध्याकाळीच येतो." फोन ठेवून मला म्हणाला, "बाबांनी दोघांचे व्हिडिओ मागितलेत, दादा. एकामागून एक लावून बघणार म्हणतात."

त्याला फोन केला. मला नाही, त्याला. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ज्या माणसाने सहा महिने माझ्या शेजारी बसून घाट शिकवला, तो ट्रॅकवर त्याला फोन करतो! माझा घास तोंडात फिरत राहिला.

साडू हात धुवायला आणि शेठशी बोलायला पंपाकडे गेला. दुपारच्या पाळीला दहा मिनिटं होती. मी गाडीत वाकून कॅमेरा चालू केला, कारण हेल्मेट आणि मोजे घातल्यावर मागे हात पोचत नाही, आणि बाबांना सुरुवातीपासून पाहिजे होतं. मग फेरी मारायला निघालो. डावा टायर, मागचा टायर, उजवी बाजू. पुढे आलो तर साडूची गाडी समोर. दार उघडं. काचेवर तो कॅमेरा.

मी विचार केला असं म्हणवत नाही. खिशात तंबाखूची पुडी होती, हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या खिशात फडकं. आत वाकलो, वाटी सोडवली, ओली तंबाखू काचेला चोळली, वाटी परत दाबली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मला त्याचा व्हिडिओ बिघडवायचा होता. कॅमेरा पडेल, दोरीला लोंबकळेल, संध्याकाळी कासाला त्याच्याकडे दाखवायला काही नसेल. एवढंच. देवाशपथ एवढंच. मग मी परत येऊन माझ्या स्टिअरिंगला हात लावला, कपाळाला लावला आणि बसलो.

त्या पाळीत मी आयुष्यातली सर्वांत चांगली गाडी चालवली. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. हात आपोआप चालत होते. चौथ्या फेरीला शेठच्या माणसाने बोट वर करून दाखवलं, म्हणजे दिवसातली सर्वांत कमी वेळ. मी गाडीत एकटाच ओरडलो, "आता बघा!" पुढच्या वळणावर लाल झेंडा.

साडूची गाडी वळणाबाहेर टायरांच्या थप्पीत तोंड खुपसून उभी होती. कॅमेरा सुटला, लांब दोरीवर झोका घेऊन त्याच्या हेल्मेटवर आपटला, तो एका हाताने धरायला गेला आणि दुसऱ्या हाताला वळण झेपलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो बाहेर येऊन गवतावर बसला होता, डावं मनगट उजव्या हातात धरून. चेहरा पांढरा. "माझीच चूक," तो सारखा म्हणत होता. "काच पुसली नसेल मी नीट."

तलासरीच्या दवाखान्यात मीच नेला. वाटेत तो म्हणाला, "दादा, तुम्ही होतात म्हणून." मी रस्त्याकडे बघत होतो. हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं. बायकोची बहीण आली आणि सगळ्यांसमोर त्याला शपथ घातली की पुन्हा ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही. घरात दोन लहान मुली आहेत. त्याने खाली मान घालून हो म्हटलं. बाकावर बसल्यावर मी फोन बाहेर काढला. दुपारचे दोन मिस्ड कॉल होते, दोन्ही कासाहून. साडूच्या आधी बाबांनी मलाच लावला होता.

ह्याच्यानंतर तरी अक्कल यायला हवी होती ना? तीन दिवस मी जेवलो नाही की धड झोपलो नाही. आणि चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला, "तुझा व्हिडिओ आणतोस का रे?" तर मी कार्ड काढून पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि निघालो. मनात हेच, की माझी ती फेरी त्यांनी बघावी. साडूचा हात प्लास्टरमध्ये आणि मला फेरीची पडलेली. व्हिडिओ मी आधी बघितलासुद्धा नाही; बघवणार नव्हता. कॅमेरा मी फेरीच्या आधीच चालू केला होता हे डोक्यातून साफ गेलं होतं; मला वाटत होतं, तो मी गाडीत बसल्यापासून सुरू होतो.

दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघंच. टीव्हीवर रिकामी सीट आली, स्टिअरिंग आलं, समोरची काच आली. मी म्हणालो, "पुढे घेतो."

"राहू दे," बाबा म्हणाले. रिमोट त्यांच्या हातात होता. "फेरी बघू दे तुझी."

मी डावीकडून दिसलो. वाकलो, टायर ठोकला. मागे गेलो. उजवीकडून पुढे आलो, आणि थांबलो. मग काचेतून समोरच्या काचेत माझा चेहरा आला, साडूच्या कॅमेऱ्यामागे, लख्ख उजेडात. जीभ दातांत धरून मी काच चोळत होतो. काम करताना मी जीभ अशी धरतो हे मला त्या दिवशी कळलं. मी बाबांकडे बघू शकलो नाही. उठूनही जाता येईना.

त्यांनी व्हिडिओ थांबवला नाही. पुढचं सगळं बघितलं. माझे हात बघितले, प्रत्येक गिअर बघितला, चौथ्या फेरीला माझं ओरडणं ऐकलं. लाल झेंडा आला. मी दार उघडून पळालो, आणि मग बराच वेळ पुन्हा रिकामी सीट. तेव्हा कुठे त्यांनी टीव्ही बंद केला.

"तंबाखू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ओली?"

"हो, बाबा."

ते गुडघे चोळत बसले. बाहेर कोणीतरी जीप रिव्हर्स घेत होतं आणि त्यांनी सवयीने तिकडे कान दिला. मग म्हणाले, "गाडी तू त्याच्यापेक्षा चांगली चालवतोस. खूपच चांगली. माझ्यापेक्षाही चांगली असेल. पण मला कुठे जायचं झालं तर मी त्याला बोलावीन. एका हाताने चालवली तरी त्याला." मग रिमोट खाटेवर ठेवत म्हणाले, "त्याला मी काही सांगणार नाही. तुझं तू सांगायचं."

मी तिथूनच डहाणूला निघालो. खोटं कशाला बोलू, वाटेत माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते नुसतं पश्चात्तापाचं नव्हतं. वीस वर्षं ज्या शब्दांसाठी जीव टाकला ते मिळाले होते आणि त्याच दमात साडूने माझ्यावर बाजी मारली होती, घरी बसून, प्लास्टर घालून, काहीही न करता. बाबांना त्याच्या गाडीत, त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेलं मी डोळ्यांसमोर आणत होतो आणि जळत होतो.

साडू वाडीत झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोरी लांब होती ते मला दिसलं होतं, तेही सांगितलं. त्याने प्लास्टरची कड नखाने खरवडली. दादा म्हणाला नाही. "मी पंधरा वेळा आठवून बघितलं," तो म्हणाला, "काच पुसली होती की नव्हती. रात्री उठून आठवायचो. मला वाटलं, माझ्यात काहीतरी कमी आहे."

"तुझ्यात काही कमी नाही," मी म्हणालो.

"बाबांना माहीत आहे?"

"हो. त्यांनी बघितलं."

"मग ते काय म्हणाले?"

कबूल करायचं ते सगळं मी केलं होतं. आता फक्त बाबांचं एक वाक्य उरलं होतं, 'मी त्याला बोलावीन'; ते त्याचं स्वतःचं होतं आणि त्याला द्यायचं होतं. त्या वेळी त्याला त्याची किती गरज होती हेही मला दिसत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "काही बोलले नाहीत."